वाचक विचारतात : ग्रामीण अमेरिकेतल्या दफनभूमी आणि त्यांची दफ्तरं

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जुन्या दफनभूमींविषयी या वेळी बरीच पत्रं आहेत. कुणाच्या सुनेचं माहेर तिकडचं, कुणी तिकडे जमीन घेतलेली, कुणाची नात शाळेसाठी वंशवृक्ष करते आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. कायदे राज्यागणिक बदलतात, म्हणून ज्या नियमाबद्दल बोलतो आहोत त्या राज्याचं नाव प्रत्येक वेळी दिलं आहे.

प्रश्न : आमची सून मूळची ओहायोतली. तिच्या खापरपणजोबांची कबर एका खेड्यालगत आहे, एवढंच तिच्या घरात माहीत आहे. काउंटीच्या कचेरीत फोन केला, तर 'दफनांची यादी आमच्याकडे नसते' असं सांगितलं. मग ती असते तरी कुणाकडे?

उत्तर : त्यांनी टाळाटाळ केलेली नाही. काउंटी नोंद ठेवते ती मृत्यूची. दफनाची नोंद ठेवणं हे त्या जमिनीच्या मालकाचं काम, आणि तोही ती स्वतःच्या गरजेपुरतीच ठेवतो. म्हणून यादी शोधण्याआधी दफनभूमी कुणाच्या ताब्यात आहे ते ठरवा. ती टाउनशिपची, म्हणजे काउंटीतल्या लहान विभागाची असेल, गावाच्या नगरपालिकेची, चर्चची, दफनभूमी संघाची, शेतातली एखाद्या घराण्याची किंवा काउंटीच्या पुअर फार्मची, म्हणजे पूर्वीच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमाची.

ओहायोत खेड्यांजवळच्या बऱ्याच सार्वजनिक दफनभूमी टाउनशिपच्या विश्वस्तांकडे असतात आणि कागद टाउनशिपच्या फिस्कल ऑफिसरकडे, म्हणजे हिशेब आणि दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. हा माणूस निवडून आलेला, बहुधा अर्धवेळ काम करणारा. काही ठिकाणी कचेरी म्हणजे त्याच्या घरातली एक खोली. काउंटी ऑडिटरच्या कचेरीत विचारलंत तर त्याचं नाव कळेल. त्याला 'यादी आहे का' असं मोघम विचारू नका. चार वेगवेगळ्या कागदांची नावं घेऊन विचारा.

पहिला, लॉटच्या, म्हणजे दफनासाठीच्या जमिनीच्या तुकड्याच्या विक्रीची वही. पैसे कुणी भरले हे लिहिण्यासाठी ती असते, त्यामुळे तिच्यात नाव असतं ते विकत घेणाऱ्याचं, पुरलेल्याचं नव्हे. एका लॉटमध्ये चार, आठ किंवा जास्तही कबरी मावतात. लग्न झालेली मुलगी बापाच्या लॉटमध्ये असते आणि वहीत तिचं सासरचं आडनाव कुठेच येत नाही. सुनेच्या घराण्यातल्या बायकांची माहेरची आडनावंही म्हणूनच विचारायची. दुसरा, दफनांची नोंदवही. यात तारीख, नाव, लॉट क्रमांक आणि क्वचित वय व मृत्यूचं कारण असतं. तिसरा, दफनभूमीचा नकाशा. चौथा, सेक्स्टनची, म्हणजे खड्डे खणणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या माणसाची रोजची वही. ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात आधी हरवणारी, कारण ती त्याच्या घरी असायची.

टाउनशिपची वही बहुतेकदा दफनभूमी टाउनशिपच्या ताब्यात आली त्या वर्षापासून सुरू होते. त्याआधीच्या कबरी जमिनीत आहेत, दगडही आहेत, पण वहीत नाहीत. चर्च बंद पडून दफनभूमी टाउनशिपकडे आली असेल तर नावही बदललेलं असतं. जुन्या बातमीत चर्चचं नाव आणि आजच्या पाटीवर टाउनशिपचं, अशा वेळी माणसं दोन दफनभूमी समजून एकीचाच शोध सोडून देतात. वही मधल्या काळात नव्याने उतरवून घेतली असेल तर उतरवणाऱ्याने न वाचता आलेली नावं सरळ गाळलेली असू शकतात. म्हणून मूळ वही आहे का, हे आवर्जून विचारा.

चर्चची दफनभूमी असेल तर पाद्र्याकडची दफन-नोंद बघावी लागते. आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटातल्या लुथरन चर्चांच्या जुन्या नोंदी नॉर्वेजियन किंवा जर्मन भाषेत असतात, आणि जर्मन नोंदी जुन्या वळणदार लिपीत. चर्च दुसऱ्यात विलीन झालं असेल तर वह्या नव्या चर्चकडे किंवा पंथाच्या मध्यवर्ती संग्रहालयात जातात. कॅथलिकांच्या बाबतीत डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या कचेरीत विचारायचं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दीर्घकाळ नाव कोरलेले दगड उभारायचं टाळलं, त्यामुळे त्यांच्या जुन्या दफनभूमीत दगड शोधण्यापेक्षा मंथली मीटिंगची, म्हणजे त्यांच्या मासिक सभेची इतिवृत्तं चाळणं शहाणपणाचं.

विसाव्या शतकातला मृत्यू असेल तर दफनभूमीच्या आधी फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारं दुकान गाठा. शवपेटी आणि विधीचा हिशेब ठेवण्यासाठी त्यांच्या खतावण्या असत, आणि त्यात आईवडिलांची नावं, कबरीची जागा, बिल कुणी भरलं हे सारं सापडतं. बिल भरणारा हा बहुतेकदा जवळचा वारस असतो. दुकान विकलं गेलं असेल तर खतावणी विकत घेणाऱ्याकडे किंवा काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीत मिळण्याची शक्यता असते.

पत्र लिहिताना एका वेळी एकाच व्यक्तीबद्दल विचारा, मृत्यूचं नेमकं साल नसेल तर पाच वर्षांचा पट्टा द्या, आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं लिहा, आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडा. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, म्हणजे मृत सैनिकांचा स्मरणदिन असतो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे गवत कापणं आणि झेंडे लावणं चालू असतं, तेव्हा उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : यजमानांच्या मित्राच्या घराण्यातले एक पूर्वज '१८६९ च्या हिवाळ्यात' मिझुरीत वारले, असं बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलंय. मृत्यूचा दाखला मिळत नाही. काउंटीचं दफ्तर जळलं असेल का?

उत्तर : जळलं असेलही, पण त्याआधी दाखला निघालाच होता का ते पाहा. मिझुरीत राज्यभर मृत्यूचे दाखले सुरू झाले १९१० साली. (तिथल्या स्टेट आर्काइव्ह्जने ५० वर्षांपेक्षा जुने दाखले फुकट पाहता येतील असे ठेवले आहेत, ही सोय सगळीकडे नाही.) इतर राज्यांची सालं वेगळी : मॅसॅच्युसेट्स १८४१, टेक्सस १९०३, पेनसिल्व्हेनिया १९०६, केंटकी आणि कॅन्सस १९११, इलिनॉय १९१६. ओहायोत १८६७ पासून १९०८ च्या डिसेंबरपर्यंतच्या नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टात (मृताच्या मालमत्तेचं काम पाहणारं कोर्ट) आणि त्यानंतरच्या नोंदी राज्याकडे. व्हर्जिनियात १८५३ ते १८९६ नोंदी आहेत, मग १९१२ पर्यंत मोठी पोकळी. कायदा झाला की दुसऱ्या दिवसापासून सगळे नोंदवू लागले असंही नाही. खेड्यातल्या डॉक्टरला त्याची सवय लागायला काही वर्षं गेली.

तुमच्या पूर्वजासाठी १८७० च्या जनगणनेची मृत्युसूची आहे. ही सूची १८५०, १८६०, १८७० आणि १८८० च्या जनगणनेबरोबर केली गेली. तिच्यात नाव, वय, जन्माचं राज्य, मृत्यूचा महिना, व्यवसाय आणि आजार मिळतो. मात्र ती जनगणनेच्या आधीच्या बारा महिन्यांपुरतीच असते, म्हणजे १ जून १८६९ ते ३१ मे १८७०. तुमच्या पानावरचा 'हिवाळा' इथे अडतो. मृत्यू डिसेंबर १८६९ चा असेल तर नाव सूचीत यायला हवं, जानेवारी १८६९ चा असेल तर येणारच नाही. नाव मिळालं तर वर्षही पक्कं होतं. मिळालं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण घरच्यांनी सांगितलेलंच लिहिलं जायचं आणि बरेच मृत्यू सुटले.

मग प्रोबेटकडे वळा. मृत्युपत्र नसलं तरी चालतं. मालमत्तेच्या व्यवस्थापकाने कोर्टाला दिलेला अंतिम हिशेब पाहा. शवपेटीचे इतके, कबर खणण्याचे इतके, दगडाचे इतके, अशा पावत्या तिथे जोडलेल्या असतात. शवपेटीच्या पावतीची तारीख मृत्यूच्या एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे असते. दगडाची पावती वर्ष-दोन वर्षांनंतरचीही असू शकते. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर कोरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी पाहा. गावच्या वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी नसली तरी आभाराची चार ओळींची सूचना असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह फुकट चाळता येतो.

एक खाचखळगा अजून. त्या साली काउंटीच्या सीमा आजच्याच होत्या असं धरून चालू नका. मोठ्या काउंटीतून लहान काउंट्या कापून निघाल्या, आणि जुनी दफ्तरं मूळ काउंटीतच राहिली. कबर जिथे आहे ती जागा त्या वर्षी कुठल्या काउंटीत होती हे शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीच्या ऐतिहासिक सीमांच्या नकाशासंग्रहात तारखेनुसार पाहता येतं. कचेरी जळाल्याची चौकशी त्यानंतर करा. अर्धे 'जळालेले' कागद शेजारच्या काउंटीत सुखरूप असतात.

प्रश्न : दगडावर जन्मतारीख नाही. '५ मार्च १८७१ रोजी निधन, वय ४२ वर्षं, ७ महिने, २० दिवस' एवढंच आहे. नातीने काढलेली जन्मतारीख १५ जुलै १८२८ येते, संगणकाने १३ जुलै दाखवली. बरोबर कोण?

उत्तर : दोघंही. मार्चच्या ५ तारखेतून २० दिवस वजा होत नाहीत, म्हणून मागच्या महिन्याचे दिवस उसने घ्यावे लागतात. १८७१ चा फेब्रुवारी २८ दिवसांचा होता. २८ धरले तर १३ जुलै १८२८ येते. सरसकट ३० धरले तर १५ जुलै. ८८७० वजा करण्याची जी प्रसिद्ध क्लृप्ती आहे (तारीख आणि वय वर्ष-महिना-दिवस असं सलग लिहून १८७१०३०५ मधून ४२०७२०, मग ८८७०) ती ३० दिवसांच्या महिन्यावर चालते, म्हणून तिचं उत्तरही १८२८०७१५. दगड घडवणाऱ्याला वय कुणी आणि कसं मोजून दिलं हे आज कळायचा मार्ग नाही. वंशवृक्षात 'जुलै १८२८, वयावरून काढलेली' असं लिहा आणि दगडावरचं वय जसंच्या तसं शेजारी ठेवा. नुसती काढलेली तारीख लिहिली की पुढचा माणूस ती दगडावरचीच समजतो.

दगड मृत्यूच्या वेळचाच आहे का, हेही बघायला सांगा. १८७१ मध्ये खेड्यात बहुतेक पांढऱ्या संगमरवराच्या उभ्या पाट्या असत. चकचकीत ग्रॅनाइटची चलती शतकाच्या शेवटाला आली, कठीण दगडावर हवेच्या दाबाने चालणाऱ्या अवजारांनी कोरणं स्वस्त झाल्यावर. १८७१ ची तारीख आणि आरशासारखा ग्रॅनाइट असेल तर दगड एका पिढीनंतर बसवलेला आहे, आणि तारीख नातवंडांच्या आठवणीतली आहे. निळसर राखाडी, टिचकी मारली की पोकळ वाजणारं, अक्षरं अगदी काल कोरल्यासारखी ठळक असं स्मारक दिसलं तर तो दगड नसून जस्त आहे. 'व्हाइट ब्राँझ' नावाने ती स्मारकं कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या कंपनीने १८७४ ते १९१४ या काळात विकली. त्यांच्या पाट्या फुलाच्या आकाराच्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात. स्क्रू उघडून आत डोकावायचा मोह आवरा, जुनं जस्त ठिसूळ असतं.

प्रश्न : अक्षरं दिसतच नाहीत. कुणी शेव्हिंग क्रीम लावायला सांगतं, कुणी ब्लीच. काय वापरावं?

उत्तर : दोन्ही नको. शेव्हिंग क्रीममधलं स्टिअरिक आम्ल आणि तेलकट अंश छिद्रांत बसतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. ब्लीच लावल्यावर दगड त्या दिवशी पांढरा शुभ्र दिसतो, पण मागे मीठ उरतं. पाऊस आणि ऊन यांच्या फेऱ्यात ते मीठ आतल्या आत स्फटिक धरतं आणि पृष्ठभाग, विटांच्या भिंतीला लोणा लागतो तसा, पिठासारखा झडू लागतो. खडू, पीठ, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर हेही वर्ज्य.

वाचण्यासाठी बहुतेक वेळा दगडाला हातही लावावा लागत नाही. प्रकाश तिरका पडायला हवा, एवढंच. अमेरिकेतल्या जुन्या कबरी सहसा पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला. अक्षरांची बाजू पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे असते. त्यावर ऊन समोरून पडलं तर काहीच दिसत नाही, दगडाला घासून गेलं की कोरीव कडांची सावली पडते. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडासाठी सकाळ उलटून दुपार व्हायच्या सुमारास, पश्चिमेकडच्यासाठी दुपार नुकतीच कलल्यावर पाहा. झाडाच्या सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड असेल तर दोन जण लागतात. एकाने उंच आरसा धरून ऊन दगडाच्या कडेने जवळजवळ समांतर सोडायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. आरसा हळूहळू फिरवत पाच-सहा फोटो घ्या, कारण आडव्या रेघा एका कोनात उठतात आणि उभ्या दुसऱ्या. साध्या पाण्याचा फवारा मारला तरी खोल अक्षरं नंतर वाळतात आणि काही मिनिटं गडद दिसतात. कागद ठेवून अक्षरं घासून घेणं टाळाच. न्यू हॅम्पशरमध्ये त्यासाठी गावच्या सिलेक्टमनची, म्हणजे निवडून आलेल्या कारभाऱ्यांची लेखी परवानगी लागते.

धुवायचंच असेल तर आधी मालकाची परवानगी. नंतर तपासणी : हाताने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, पापुद्रे सुटत असतील, दगड साखरेसारखा रवाळ झाला असेल किंवा हलत असेल, तर धुऊ नका. दगड भक्कम असेल तर भरपूर पाणी, नळाच्या साध्या दाबाचं. दगड आधी पूर्ण भिजवा, शेवाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सैल करा, मग मऊ ब्रशने खालून वर घासत जा. वरून खाली गेलात तर मळके ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग पाडतात. राष्ट्रीय दफनभूमींमध्ये वापरलं जाणारं डी-टू हे जैवनाशक खेड्यातल्या दगडांनाही चालतं : फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, घासा, धुवा. ते पुढचे कित्येक आठवडे काम करत राहतं, त्यामुळे त्याच दिवशी पांढराफेक दगड दिसावा म्हणून जोर लावण्याची गरज नाही. रात्री गोठायची शक्यता असेल तर काम पुढे ढकला. दरवर्षी धुण्याचा उत्साहही नको.

मोडून पडलेली पाटी उचलू नका. दोन फूट रुंद, चार फूट उंच आणि दोन इंच जाड संगमरवराची पाटी शंभर किलोच्या आसपास भरते. सिमेंटने जोडणं तर दगडाचा जीव घेणं आहे : सिमेंट दगडापेक्षा कठीण, त्यामुळे पुढची भेग सिमेंटला न पडता दगडाला पडते.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये शेतजमीन घेतली. कोपऱ्यात झाडीत चार दगड सापडले, एकावर नाव आहे. कागदपत्रांत दफनभूमीचा उल्लेख नाही. काय करावं लागेल?

उत्तर : आधी काय करू नये ते : दगड हलवू नका, झाडी यंत्राने साफ करू नका, नांगर घालू नका. सैल पडलेला दगडही आहे तिथेच राहू द्या आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. टेक्ससच्या कायद्यानुसार अज्ञात किंवा सोडून दिलेली दफनभूमी सापडली तर दहा दिवसांच्या आत काउंटी क्लर्ककडे लेखी सूचना नोंदवावी लागते. तिथे दफनभूमीला भेट देऊ इच्छिणाऱ्याला वाजवी येण्याजाण्याचा हक्कही आहे. व्हर्जिनियात वंशज आणि वंशावळीचे अभ्यासक पूर्वसूचना देऊन येऊ शकतात. इंडियानात दफनभूमीपासून १०० फुटांच्या आत जमीन उकरायची तर राज्याकडून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. अमेरिकेत जमीन विकत घेतली म्हणजे तिच्यातल्या कबरी हव्या तशा वापरायला मिळाल्या असं होत नाही.

खरेदीखतात उल्लेख नाही याचा अर्थ कधीच नव्हता असा नाही. काउंटी क्लर्ककडच्या देणार-घेणाराच्या अनुक्रमणिकेतून एकेक खत मागे जा. कुठल्या तरी जुन्या खतात 'अर्धा एकर कौटुंबिक दफनासाठी राखून' असं वाक्य असतं, आणि पुढच्या खतांमध्ये ते नकलताना गळतं. दगडावरचं नाव त्या साखळीतल्या एखाद्या मालकाशी जुळलं की कुटुंब कळलं. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचे जुने भूनकाशे 'टोपोव्ह्यू'वर फुकट मिळतात. आजच्या नकाशावर नसलेली दफनभूमी जुन्या नकाशावर असू शकते.

चार दगड म्हणजे चारच कबरी असं समजू नका. पूर्व-पश्चिम लांबट खळगे पाहा, मोठ्या माणसाच्या कबरीचे साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. लाकडी पेटी कुजली की माती खचते. हिवाळ्याच्या शेवटी, गवत उगवण्याआधी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते चांगले दिसतात. जमिनीवर पसरलेली व्हिन्का, युक्काची रांग, शेतात एकाकी उभे देवदार, मुद्दाम उभे रोवलेले न कोरलेले दगड या खुणा आहेत. दक्षिणेत गुलामगिरीत राहिलेल्या लोकांच्या दफनभूमी बहुतेकदा अशाच, नावांशिवाय असतात, आणि मालकाच्या घराण्याच्या कुंपणाबाहेर असतात. म्हणून कुंपण घालायचं तर बाहेरच्या शेवटच्या दगडापासून किमान पंधरा-वीस फूट जागा सोडा. जमिनीखालचं रडार वापरता येतं. ते हाडं दाखवत नाही, उकरलेल्या मातीचा फरक दाखवतं. ओल्या चिकणमातीत तोही नीट दिसत नाही. लोखंडी कांब खुपसून तपासणं हे जाणकाराचं काम आहे.

कर आकारणी कमी होईल का असंही तुम्ही विचारलं आहे. दफनासाठी राखलेल्या जमिनीला सूट मिळते, पण तेवढ्या तुकड्याची मोजणी करून काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कचेरीकडे अर्ज करावा लागतो. अर्ध्या एकरासाठी मोजणीचा खर्च परवडतो का ते आधी बघा.

प्रश्न : यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाच्या दगडावर नाव, कंपनी आणि रेजिमेंट आहे, तारीखच नाही. अर्धवट राहिला का?

उत्तर : नाही, तो सरकारी दगड आहे. १८७९ च्या कायद्याने खासगी आणि गावच्या दफनभूमीतल्या युनियन, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या सैनिकांनाही सरकारी दगड मिळू लागले. वरचं टोक किंचित गोलसर आणि आत खोदलेली ढाल असेल तर युनियनचा, टोकदार असेल तर कॉन्फेडरेटचा, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा. मागणीची कार्डं १८७९ ते साधारण १९०३ पर्यंतची आहेत, त्यांवर दफनभूमी, काउंटी आणि बहुतेकदा मृत्यूची तारीख मिळते. १९२५ पासूनचे अर्ज वेगळे. नॅशनल आर्काइव्ह्जमधली पेन्शनची फाइल मिळाली तर लग्न, मुलं, मृत्यू सगळं एकत्र मिळतं. आयोवासारख्या राज्यांत १९३० च्या दशकात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेने कबरींची पाहणी केली, तीही पाहा.

दुसऱ्या कुणा सैनिकाची कबर बिनदगडाची असेल तर व्हेटरन्स अफेअर्सचा ४०-१३३० क्रमांकाचा अर्ज भरा. ज्याची सेवा ६ एप्रिल १९१७ च्या आधी संपली त्याच्यासाठी कुणीही अर्ज करू शकतं, वारस असण्याची अट नाही. सेवेचा पुरावा आणि दफनभूमीची संमती लागते. दगड फुकट, बसवण्याचा खर्च तुमचा.

प्रश्न : पुअर फार्मच्या दफनभूमीत फक्त आकडे कोरलेल्या सिमेंटच्या ठोकळ्या आहेत. आकड्यांवरून नावं मिळतील का?

उत्तर : फार्मची वही टिकली असेल तर मिळतील. ती काउंटी ऑडिटर, क्लर्क किंवा राज्याच्या आर्काइव्ह्जकडे शोधा. वही नसेल तर काउंटीच्या मंडळाच्या इतिवृत्तांकडे वळा. निराधाराला पुरण्याचा खर्च काउंटी देत असे, म्हणून सुताराचं शवपेटीचं आणि खणणाऱ्याच्या मजुरीचं बिल मंजूर झाल्याची ओळ तिथे असते, बऱ्याच वेळा मृताच्या नावासकट. ही इतिवृत्तं कुणी फारशी चाळत नाही, आणि नेमकी ती कचेरीच्या आगींतून पुष्कळदा वाचलेली असतात. एक सावधगिरी : आकडे दफनाच्या क्रमानेच आहेत असं गृहीत धरू नका. ठोकळ्या नंतर एकदम बसवल्या असतील तर आकडे रांगेप्रमाणे पडलेले असतात. दोन-तीन नावं स्वतंत्र पुराव्याने जुळवून मगच बाकीची यादी लावा.

प्रश्न : 'फाइंड अ ग्रेव्ह' या संकेतस्थळावर सगळंच असतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : १९९५ पासून स्वयंसेवकांनी तिथे प्रचंड काम केलं आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. पण दगडाचा फोटो नसलेली नोंद म्हणजे कुणाचं तरी म्हणणं आहे. फोटो असला तरी जन्मस्थळ, आईवडील यांसारखी भोवतालची माहिती दगडावर आहे का ते ताडून बघा. काही दगड निव्वळ स्मरणार्थ असतात, खाली कुणी नसतं. बिनदगडाच्या कबरी तर फोटो काढत फिरणाऱ्याला दिसणारच नाहीत.

त्यापेक्षा जुन्या हस्तलिखित याद्या शोधा. डीएआर (डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन) या संस्थेच्या वंशावळ समितीने १९१३ पासून दफनभूमींच्या याद्या केल्या. तेव्हा वाचता येणारे कित्येक दगड आज झिजले आहेत. दोन याद्या मिळाल्या तर अकारविल्हे लावलेली बाजूला ठेवून रांगेप्रमाणे लिहिलेली घ्या. अकारविल्हे यादीत शेजार हरवतो, आणि खेड्यातल्या दफनभूमीत वेगळ्या आडनावाची शेजारची कबर ही बहुतेक वेळा लग्न झालेल्या मुलीची किंवा सासूची असते.

प्रश्न : आमच्या विहीणबाईंचं टेनेसीतलं मूळ गाव धरणाखाली गेलं. कबरीही बुडाल्या असतील का?

उत्तर : बहुधा नाही. नॉरिस धरणाच्या वेळी, १९३० च्या दशकात, टेनेसी व्हॅली अथॉरिटीने पाच हजारांहून जास्त कबरी हलवल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये क्वाबिन जलाशयासाठी साडेसात हजारांहून जास्त कबरी उकरल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ वेअर गावच्या क्वाबिन पार्क दफनभूमीत आहेत. टेनेसीच्या कागदांत मूळ जागा, नवी जागा, वारसाचं नाव आणि त्याचा निर्णय असतो. कबर जागेवरच राहू द्या असंही काही वारसांनी सांगितलं होतं. ही दफ्तरं नॅशनल आर्काइव्ह्जच्या अटलांटा शाखेत आहेत. मागणी करताना धरणाचं नाव, जुनी काउंटी आणि जुन्या दफनभूमीचं नाव, तिन्ही द्या, कारण फाइली आडनावाप्रमाणे न लावता धरणाप्रमाणे लावलेल्या असतात.